बिचारी सुलभा

सुलभा धोटेचा विषय निघाला की मी एकच शब्द वापरत असे : बिचारी. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधली आमची मराठी मंडळी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमलेली असत. हातात कागदी प्लेट घेऊन कुणीतरी विचारायचं, "तुमची ती डॉक्टर मैत्रीण अजून तिथंच आहे का हो, डोंगरात?" मी मान हलवून म्हणायची, "हो ना, बिचारी." लोक चुकचुकायचे आणि मला बरं वाटायचं. आता सत्तरी उलटल्यावर खरं सांगायला हरकत नाही. सुलभाचा केला तेवढा हेवा मी आयुष्यात दुसऱ्या कुणाचाच केला नाही.

नागपूरच्या मेडिकल कॉलेजात आम्ही दोघी एका खोलीत राहिलो. सुलभा उंच, हाडकुळी. अंबाडा पेन्सिल खोचून घालायची आणि मग तीच पेन्सिल खोलीभर शोधायची. अभ्यासात ती माझ्याइतकी हुशार नव्हती, हे मी आजही सांगते. पण वॉर्डात गेलो की पेशंट माझ्याशी आजाराबद्दल बोलत आणि तिच्याशी जावयाबद्दल, म्हशीबद्दल, शेजाऱ्याच्या भिंतीबद्दल. ती प्रत्येकाच्या खाटेवर बसायची. सिस्टर ओरडल्या की उठायची आणि पुढच्या खाटेवर जाऊन बसायची. कुणाचं ड्रेसिंग करताना, कुणाला सुई टोचताना तिच्या तोंडी एकच असे : "झालं, झालं." बऱ्याचदा तेव्हा काहीही झालेलं नसे.

तिची आई, माई, वर्ध्याला प्राथमिक शाळेत शिकवायची. महिन्यातून एका रविवारी एसटीनं डबे घेऊन यायची. डबे दोन असत. माझी आई मी कॉलेजात येण्याआधीच गेली होती, हे माईला कुणी सांगितलं कुणास ठाऊक. पहिल्याच महिन्यात तिनं दुसरा डबा माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाली, "पाहत काय राहिली? गरम आहे तोवर खा नं." त्या दिवसापासून माई अर्धी माझी झाली असं मी मनात धरून चालले. सुलभाला याची कल्पना होती की नाही, मी कधी विचारलं नाही.

पुढं दोघी अमेरिकेला आलो, दोघींची रेसिडेन्सी डेट्रॉइटमध्ये झाली. मी ॲनेस्थेशिया घेतला. अविनाशशी लग्न केलं, तो मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. ट्रॉयमध्ये घर झालं, दोन गाड्यांचं गॅरेज झालं, दोन मुलं झाली. सुलभानं फॅमिली प्रॅक्टिस घेतली आणि लग्नाचं नाव काढलं नाही. एके दिवशी हॉस्पिटलच्या नोटीस बोर्डावर तिला एक टाइप केलेला कागद दिसला. कोलोरॅडोतल्या कुठल्याशा गावाला डॉक्टर हवा होता. उंची साडेनऊ हजार फूट, राहायला घर, अट एकच : बर्फात गाडी चालवता आली पाहिजे. सुलभाला लायसन्स मिळून तीन महिने झाले होते.

"वेडी आहेस का? किती दिवस राहणार तिथं?" मी विचारलं.

"बघू. एक हिवाळा."

ऐंशीचं दशक उजाडलं तरी तिचा तो हिवाळा संपला नव्हता.

मी पहिल्यांदा तिकडं गेले ती एका मार्चमध्ये. डेन्व्हरला आमची कॉन्फरन्स होती. दोन दिवस हातात ठेवून म्हटलं, पाहून यावं, बिचारीला थोडी सोबत. तीन तासांच्या ड्राइव्हनंतर एका अरुंद दरीत शिरले आणि वर चढत गेले. दरी संपली तिथं एकदम गाव लागलं. कॉपर नॉच. नाव तांब्याचं, पण गाव वसलं ते चांदीमुळं, शंभर वर्षांपूर्वी. मुख्य रस्ता एकच. त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी दुकानं, आतून एकमजली आणि समोरून दोनमजली दिसतील अशी उंच खोटी दर्शनी भिंत लावलेली. विटांचं एक ऑपेरा हाऊस. चांदीचा पैसा आला तेव्हा खाणकामगारांनी गाणं ऐकायला बांधलेलं. आता त्यात गावाच्या सभा आणि शाळेची नाटकं होत. डोंगरउतारावर जुन्या खाणींतून उपसलेल्या मातीचे पिवळे ढीग, आणि सगळ्याच्या मागं इतकं जवळ शिखर की मान वर करावी लागे.

मला धाप लागत होती. सुलभा पायात पुरुषी बूट घालून भराभर चालत होती. बूट तिनं हार्डवेअरच्या दुकानातून घेतले होते. "चल, पत्र आलंय का पाहून येऊ," म्हणाली. तिथं घरोघरी टपाल येत नाही, पोस्टात जाऊन आपापल्या पेटीतून काढायचं. पोस्ट दोनशे पावलांवर. आम्हाला जायला एक तास लागला. प्रत्येक दारातून कुणीतरी बाहेर यायचं. एकानं रस्त्यातच शर्ट वर करून टाके दाखवले. एका बाईनं हरणाच्या मांसाचं कागदात गुंडाळलेलं पुडकं हातात दिलं. सुलभानं ते आनंदानं घेतलं आणि पुढच्या वळणावर दुसऱ्याला दिलं. ती शाकाहारी आहे हे गावात सगळ्यांना माहीत होतं. कुणाला द्यायचं ते तिनंच ठरवावं म्हणून देत असत. एक दाढीवाला आपल्या बिथरलेल्या घोड्याच्या मानेवर थोपटत होता, आणि काय म्हणत होता? "झालं, झालं." स्वच्छ मराठीत. मी थांबून पाहतच राहिले.

"इथं सगळे म्हणतात," सुलभा म्हणाली. "त्यांना वाटतं औषधाचं नाव आहे."

त्या संध्याकाळी तिच्या घरी बसले असताना मी सारखी उणीव शोधत होते. भाजी कुठली मिळते? सिनेमा? मराठी कुणाशी बोलतेस? गणपतीला काय करतेस? माझ्या प्रत्येक प्रश्नाला तिचं एकच उत्तर : "बघू, रस्ता उघडला की." हिवाळ्यात दरीतल्या रस्त्यावर बर्फाचे कडे कोसळतात आणि गाव दोन-दोन दिवस बंद होतं. त्यामुळं तिथली माणसं सगळंच त्यावर ढकलतात. सुलभानं ते वाक्य उचललं होतं आणि ती ते भर उन्हाळ्यातसुद्धा वापरत असे. तिला घाई नव्हती. मला तेच सलत होतं. आमच्या ट्रॉयमध्ये रस्ते कायम उघडे होते आणि आम्ही कायम उशिरा पोचत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोस्टमास्तरीण डॉरोथीला क्लिनिकमध्ये आणलं. साठीची, दणकट, सुलभाची शेजारीण. तीन दिवस न्यूमोनिया अंगावर काढलेला. ओठ निळे पडले होते, श्वास पुरत नव्हता. मोठं हॉस्पिटल साठ मैल खाली आणि सकाळीच दरीत तिसऱ्या वळणावर कडा कोसळलेला.

सुलभानं फोन उचलला. बर्फ काढायचा ट्रक चालवणारा अर्ल पलीकडे होता. "अर्ल, किती वेळ?" एवढंच विचारलं. तो म्हणाला, "तू निघ. मी पुढं आहेच."

मग ती माझ्याकडे वळली. "निमे, ट्यूब तू टाक. माझा हात तुझ्यासारखा बसलेला नाही."

तिच्या जागी मी असते तर हे वाक्य मला जमलं नसतं. माझ्या क्लिनिकमध्ये, माझ्या पेशंटसमोर तर नाहीच. मी डॉरोथीच्या श्वासनलिकेत ट्यूब टाकली. फायर ब्रिगेडच्या व्हॅनमध्ये डॉरोथीला घातलं आणि अडीच तास मी हातानं फुगा दाबत तिचा श्वास चालू ठेवला. समोर अर्लचा ट्रक बर्फ कापत चाललेला, मागं आम्ही, दोन्ही बाजूंना व्हॅनपेक्षा उंच पांढऱ्या भिंती. तिसऱ्या वळणावर गावातले वीसेक पुरुष फावडी घेऊन उभे होते. ते पायी आमच्या आधी येऊन पोचले होते. व्हॅन जाताना त्यांनी टोप्या काढल्या. सुलभा डॉरोथीचा हात धरून सारखं म्हणत होती, "झालं, झालं." आणि या वेळी मला ते खरं वाटलं.

डॉरोथी वाचली. महिन्याभरानं तिचं मला पत्र आलं : तू माझ्या घशात उतरली होतीस असं मला सांगण्यात आलं आहे, तर एकदा मी जागी असताना कॉफीला ये. ॲनेस्थेटिस्टला पेशंट झोपलेलाच भेटतो. तो जागा होतो तेव्हा आपण पुढच्या थिएटरमध्ये असतो. तीस वर्षांच्या नोकरीत मला पेशंटचं आलेलं ते एकमेव पत्र. सुलभाला अशी पत्रं रोज रस्त्यात चालतीबोलती भेटत होती.

त्या ट्रिपनंतर माझं बिनसलं. सोमवारी हॉस्पिटलात गेले, "हाय, हाऊ आर यू" म्हणत सगळे माझ्या बाजूनं निघून गेले. संध्याकाळी गॅरेजचं दार वर गेलं, गाडी आत गेली, दार खाली आलं. अविनाशला सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "यार, दोन दिवसांचं टुरिस्ट वेड आहे ते. तिथं राहायला लागलं तर रडशील." त्याचं खरं असावं. पण पुढच्या पार्टीत 'बिचारी' म्हणताना माझा आवाज जरा जास्तच चढला.

दोनेक वर्षांनी गावाच्या वरची मोठी खाण बंद झाली. चांदी कधीच संपली होती. या खाणीतून पोलाद कडक करायचा धातू निघायचा. डेट्रॉइटमध्ये गाड्या खपेनात म्हणून पोलाद खपेना, पोलाद खपेना म्हणून खाण बंद. अर्धं गाव ट्रकांवर सामान बांधून निघून गेलं. सुलभानं हे फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज पडला होता. मी "अरे अरे" म्हटलं. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभी राहून चक्क हसले. वाटलं, संपलं आता. आता येईल माझ्यासारखी राहायला.

तिच्यासाठी आमच्याकडच्या हॉस्पिटलात जागा शोधली. खटपट केली, दोघा-तिघांना भेटले. ती म्हणाली, "थँक्स गं. बघू, रस्ता उघडला की." जून महिना होता.

मग मी माईला पत्र लिहिलं. ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. सुलभा वाळून काडी झाली आहे. गाव ओसाड पडलंय. एकही आपला माणूस नाही. ती आमचं कुणाचं ऐकत नाही, तुम्ही स्वतः येऊन तिला इथून काढलंत तरच निघेल. यात खोटं असं काही नव्हतं. फक्त सुलभा तिथं किती सुखात आहे हे मी लिहिलं नव्हतं.

माई आली. नुकतीच रिटायर झालेली, पहिला विमानप्रवास, हातात कापडी पिशवीत प्रेशर कुकर. आठवडाभर माझ्याकडं ठेवून घेतलं. मला वाटत होतं, हिला इथंच ठेवावं, सुलभा तिच्यासाठी आपोआप येईल. मी रजा घेतली, तिला मॉल दाखवला, देऊळ दाखवलं. मुलं तिला "हाय, माई" म्हणून वर निघून जायची. ती पुढच्या खिडकीशी खुर्ची ओढून बसायची. चौथ्या दिवशी म्हणाली, "का गं निमे, इथं माणसं राहतात की मोटारीच?"

"माणसं आहेत की. कामाला जातात."

"मग येत असतील नं परत? मी तर दार उघडताना-लागतानाच पाहून राहिली. माणूस काही दिसला नाही बाप्पा."

मी तिला घेऊन कॉपर नॉचला गेले. ऑक्टोबर होता. अर्धी दुकानं बंद, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. मनात म्हटलं, बरं झालं, दिसू दे. सुलभानं आईला मिठी मारली. माईनं तिला दोन हात लांब धरून वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "ही तर चांगली भरली आहे. तू तर लिहिलं होतं, काडी झाली म्हणून." आणि पिशवीतून माझं पत्र काढून तिनं ते सुलभाच्या हातात दिलं. माईच्या मनात काही नव्हतं. तिला खरंच कोडं पडलं होतं.

सुलभानं पत्र वाचलं. घडी घातली. माई हात-पाय धुवायला आत गेली तेव्हा मला म्हणाली, "निमे, तुला इथं राहायचंय का?"

"मला? माझं घर आहे, अविनाशची नोकरी, मुलांच्या शाळा..."

"मी ते नाही विचारलं."

मी माईची पिशवी उचलून बाजूला ठेवली. तिनं पुन्हा विचारलं नाही. चहा टाकला. त्या पत्राचा विषय तिनं पुढं कधीही काढला नाही. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

माई तिला न्यायला आली होती. तिसऱ्या दिवशी डॉरोथी शेजारून कुकरची शिट्टी ऐकून आली. त्या उंचीवर डाळ-तांदूळ साध्या भांड्यात नीट शिजत नाहीत. त्यामुळं तिथल्या प्रत्येक घरात कुकर असतोच. डॉरोथी आपला घेऊन आली. दोघींनी दोन्ही कुकर टेबलावर ठेवून झाकणं उलटी करून पाहिली, रबरं ताणून पाहिली. माईचं इंग्लिश चौथीच्या पुस्तकातलं, डॉरोथीला मराठीतला एकच शब्द येत होता. तासभर दोघी बोलत होत्या. पाचव्या दिवशी माई डॉरोथीबरोबर पोस्टात गेली आणि दुपारपर्यंत परतली नाही. मी शोधायला गेले तर ती काउंटरच्या आत, स्टुलावर बसून येणाऱ्या प्रत्येकाची पेटी दाखवून देत होती.

निघायच्या आदल्या दिवशी मी विचारलं, "माई, मग काय ठरलं? सुलभा केव्हा निघतेय?"

"ती कशाला निघते?" माई म्हणाली. "इथं तिचं बरं चाललं आहे. मीच राहून पाहते, एक हिवाळा."

"माझ्याकडं राहा ना," मी म्हणाले. "माझ्याकडं खोली आहे, सगळं आहे."

माईनं माझ्या गालावरून हात फिरवला. "तुझ्याकडं सगळं आहे गं पोरी. बसायला कोणी नाही." आणि मला डबा बांधून दिला, विमानात खायला.

माईचा तो हिवाळासुद्धा लांबला. पुढं अमेरिकेत राहायचे कागद झाले, ती राहिलीच. सुलभा फोनवर सांगायची. माई पाचवारीवर अर्लचा जुना कोट घालून हिंडते. माई शाळेत जाऊन पोरांना पाढे शिकवते आणि पोरं "बे एके बे" म्हणतात. ओसाड पडलेल्या गावात मागं उरलेली माणसं ऑपेरा हाऊसमध्ये दर रविवारी एकत्र जेवतात, त्यात माईची भाजी पहिली संपते. सुलभाला एका सभेत कुणी विचारलं, की गावात चारशे माणसं उरली असताना डॉक्टर राहणार का? माईनं म्हणे पाठीमागून हात वर केला आणि इंग्लिशमध्ये सांगितलं, "शी इज नॉट गोइंग." मी हे सगळं ऐकत असे आणि "अय्या, हो?" म्हणत असे, आणि फोन ठेवल्यावर मला त्या दिवशी कुणाशीच बोलवत नसे.

चार हिवाळे गेले. एका एप्रिलमध्ये सकाळी सुलभाचा फोन आला. "निमे, माई गेली. झोपेतच. तू ये."

स्मशान असं गावात नव्हतं. अग्नी द्यायची सोय दरीखालच्या शहरात, साठ मैलांवर. मंगळवार होता, कामाचा दिवस. मला वाटलं, आम्ही दोघी, डॉरोथी आणि फार तर अर्ल. मी अर्लच्या पिकअपमध्ये बसले. पहिल्या वळणावर मागं वळून पाहिलं तर रस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली होती. मोजल्या, सदतीस. शाळा बंद होती. पोस्टाच्या दारावर डॉरोथीनं हातानं लिहिलेला कागद चिकटवला होता. अर्ल तासभर गाडी चालवत राहिला. मग म्हणाला, "तिनं मला तेराचा पाढा शिकवला. मला त्याचा काही उपयोग नाही. पण येतो."

तिथं भटजी नव्हते. सुलभा म्हणाली, "रामरक्षा म्हण. तुला येते." मी सुरू केली आणि अर्ध्यात अडकले. रडू येत होतं म्हणून नव्हे. माझ्यासमोर ती सगळी माणसं धुतलेले शर्ट घालून उभी होती आणि मी हिशेब करत होते : ट्रॉयमध्ये, मंगळवारी, माझ्यासाठी कोण सुट्टी काढेल? जिच्या डब्यावर मी वाढले तिच्या शवपेटीपुढं उभी राहून मी तिचाही हेवा करत होते. माझा आवाज थांबला तेव्हा सुलभानं पुढची ओळ उचलली. कधी देवळात न जाणारी सुलभा. तिनं शेवटपर्यंत म्हटली.

त्यानंतर आम्ही फोनवर बोलतो, दिवाळीला, वाढदिवसाला. ती अजून तिथंच आहे. गाव पुन्हा भरलंय म्हणे, आता टुरिस्ट येतात. मी परत गेले नाही. ती बोलावते, मी कारणं सांगते, आणि ती त्यांची चौकशी करत नाही.

तिला मी शेवटची पाहिली ती माईला अग्नी दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. मला डेन्व्हरला विमान गाठायचं होतं. वाटलं होतं, आज तरी ती घरी असेल. पण आठला क्लिनिक उघडलं होतं. निरोप घ्यायला गेले. बाहेरच्या खोलीत पाच-सहाजण बसलेले, आतलं दार काचेचं. खुर्चीवर एक म्हातारा बसला होता, कमरेला पट्टा बांधलेला, वाकता येत नव्हतं. सुलभा खाली जमिनीवर मांडी घालून त्याच्या बुटाची नाडी बांधत होती. तिचे डोळे सुजलेले होते. म्हातारा वरून काहीतरी सांगत होता, हातवारे करून, लांबलचक. आणि एकदम ती हसली, मान मागं टाकून, कालच्या दिवसानंतरही हसली. मला काचेतून आवाज आला नाही.

मी दाराच्या मुठीवर हात ठेवला होता. आत गेले असते तर तिनं उठून मला मिठी मारली असती, आणि त्या म्हाताऱ्याचा दुसरा बूट तसाच राहिला असता. मी हात काढून घेतला आणि गाडीत जाऊन बसले.